कालावधीच्या रकान्यातील शंका : प्रकल्प-नियोजनाच्या संगणकप्रणालींची चिकित्सा

प्रास्ताविक

इमारत, पूल, धरण, कारखान्याची उभारणी, इतकेच काय पण खुद्द संगणकप्रणालीची निर्मिती, अशा कोणत्याही मोठ्या कामाचे वेळापत्रक आज संगणकावर तयार होते. कामांची यादी करणे, त्यांचा परस्परक्रम ठरविणे, प्रत्येक कामास लागणारा काळ नोंदविणे आणि त्यावरून पूर्णतेची तारीख काढणे यासाठी स्वतंत्र प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ ही प्रणाली प्रथम १९८४ मध्ये डॉससाठी व १९९० मध्ये विंडोजसाठी आली. बांधकाम क्षेत्रात जिचा दबदबा अधिक, ती ‘प्रायमावेरा’ १९८३ मध्ये स्थापन झालेल्या त्याच नावाच्या कंपनीची. ही कंपनी २००८ मध्ये ओरॅकलने विकत घेतली. अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत या प्रणालींना आता स्थान मिळाले आहे. मात्र शिकविताना भर असतो तो कोणती आज्ञा कोठे सापडते यावर. ही प्रणाली कामाविषयी, काळाविषयी आणि काम करणाऱ्या माणसाविषयी काय गृहीत धरून चालते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित अंगाने केला आहे. ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’मध्ये कालावधीचा एक रकाना असतो. प्रणालीकडून आपोआप तारखा लावून घ्यावयाच्या एखाद्या नव्या कामाचे केवळ नाव लिहिले की त्या रकान्यात ‘१ दिवस?’ अशी नोंद उमटते. एक दिवस हा आकडा प्रणालीने स्वतःहून घातलेला असतो, आणि तो अंदाज आहे हे सांगण्यासाठी पुढे प्रश्नचिन्ह असते. वापरणाऱ्याने त्या जागी कोणताही आकडा टंकित केला, पाच, पंधरा वा चाळीस, की प्रश्नचिन्ह नाहीसे होते. आकडा अनुभवातून आला की वरिष्ठांच्या धाकातून, की दुपारच्या जेवणापूर्वी तक्ता पूर्ण करण्याच्या घाईतून, याच्याशी प्रणालीस कर्तव्य नसते. शंका दूर होण्यासाठी माहिती मिळणे आवश्यक नाही. कळफलकावर बोट टेकणे पुरेसे आहे. (प्रश्नचिन्ह मुद्दाम टंकित करून ते राखता येते, ही सोय आहे. पण वरिष्ठांपुढे ठेवावयाच्या तक्त्यात जाणूनबुजून प्रश्नचिन्हे पेरणारा नियोजक विरळा.) या लहानशा तपशिलात संपूर्ण प्रणालीचा स्वभाव साठविलेला आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दोन पद्धती, दोन प्रकारचे ज्ञान

आजच्या प्रणालींच्या मुळाशी असलेल्या दोन पद्धती जवळजवळ एकाच वेळी अमेरिकेत निर्माण झाल्या. पाठ्यपुस्तकांत ‘पर्ट’ आणि ‘सीपीएम’ ही नावे जोडशब्दासारखी एकत्र येतात. त्यामुळे त्यांच्यातील भेद पुसट होतो. तो भेद येथे महत्त्वाचा आहे.

‘सीपीएम’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत. ड्यूपाँ या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी ती १९५७ च्या सुमारास विकसित केली, आणि तिची आकडेमोड युनिव्हॅक संगणकावर झाली. रासायनिक कारखान्यांची उभारणी व देखभाल यांसाठी ती घडली. नळ जोडणे, टाकी बसविणे, झडपा बदलणे ही कामे ड्यूपाँच्या अभियंत्यांनी पूर्वी अनेकदा केलेली होती. अमुक कामास इतके दिवस लागतात, आणि अधिक खर्च केल्यास ते इतक्या दिवसांवर आणता येते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून प्रत्येक कामास एकच आकडा देणे त्यांच्या दृष्टीने प्रामाणिकपणाचेच होते.

‘पर्ट’चा जन्म १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात झाला. तेथे जे करावयाचे होते ते पूर्वी कोणीच केलेले नव्हते. पाण्याखालील पाणबुडीतून घन इंधनाचे क्षेपणास्त्र सोडण्यास किती महिने लागतील, हे सांगणारा अनुभवी मनुष्य अस्तित्वात असणेच शक्य नव्हते. त्यामुळे या पद्धतीत प्रत्येक कामासाठी तीन अंदाज मागितले गेले : सर्व काही अनुकूल घडल्यास लागणारा काळ, बहुधा लागणारा काळ आणि सर्व काही प्रतिकूल घडल्यास लागणारा काळ. उदाहरणार्थ, हे आकडे अनुक्रमे ४, ६ आणि १४ आठवडे असतील, तर मधल्या आकड्यास चौपट वजन देऊन बेरीज केली जाते व तिला सहाने भागले जाते. उत्तर येते ७ आठवडे. बहुधा सहा आठवडे लागतील असे सांगणाऱ्या तंत्रज्ञाचे उत्तर सातावर गेले, कारण त्याच्या मनातील भीतीसही हिशेबात जागा मिळाली. सूत्र कच्चे असेल. संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर पुढे पुष्कळ टीकाही केली. तथापि, आपल्याला ठाऊक नाही हे सांगण्याची औपचारिक सोय त्या पद्धतीत होती.

संगणकप्रणालींनी या दोन्ही पद्धती आत्मसात केल्या असे म्हटले जाते. वस्तुतः जाळे दोघींचे घेतले आणि आकडा ड्यूपाँचा घेतला. ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’मध्ये तीन अंदाजांची सोय काही काळ होती, २०१० च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. ज्या कामांचा अनुभव आहे त्यांच्यासाठी योग्य असलेली भाषा अशा रीतीने सर्वच कामांची भाषा झाली.

या संदर्भात हार्वे सॅपोल्स्की यांनी पोलारिस प्रकल्पाच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलेला निष्कर्ष उद्बोधक आहे. पोलारिसच्या यशाचे श्रेय ‘पर्ट’ला दिले जात असले, तरी प्रत्यक्ष तांत्रिक कामात त्या पद्धतीचा वाटा मर्यादित होता. मात्र तिच्यामुळे प्रकल्प-कार्यालयाची कार्यक्षमतेची प्रतिमा निर्माण झाली आणि बाहेरच्या हस्तक्षेपापासून कार्यालयास संरक्षण मिळाले. म्हणजे ज्या प्रकल्पातून हे तंत्र जगभर गेले, तेथेच वेळापत्रकाचा खरा वाचक काम करणारा नव्हता. कामाकडे दुरून पाहणारा होता. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येईल.

बेरजेत हरवणारी जोखीम

प्रणाली जे गणित करते ते बिनचूक असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शेकडो कामांच्या जाळ्यातून सर्वांत लांब मार्ग शोधणे, त्या मार्गाबाहेरच्या प्रत्येक कामास किती सवड आहे हे सांगणे, एक तारीख बदलताच उरलेल्या सर्व तारखा हलविणे हे माणसाने हाताने करावयाचे म्हटले तर दिवस जातील आणि चुका होतील त्या वेगळ्याच. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे एकदा बसून लिहून काढावे लागते. ही शिस्त तर या प्रणालींची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल. काँक्रीटचा स्लॅब ओतल्यानंतर त्यास पाणी मारण्याचा काळ सोडावाच लागतो. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार साधारण पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटसाठी तो किमान सात दिवसांचा आहे. येथे कालावधी पदार्थाच्या गुणधर्मातून येतो. अशा ठिकाणी एकच आकडा पुरेसा ठरतो, आणि प्रणाली चोख काम देते.

अडचण निर्माण होते ती अनेक समांतर कामे एका बिंदूशी येऊन मिळतात तेव्हा. एखाद्या रुग्णालयाच्या इमारतीचे उदाहरण घेता येईल. इमारत ताब्यात देण्यासाठी उद्वाहक बसलेला हवा, वीजजोडणी मिळालेली हवी, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला हवा, पाणीपुरवठा सुरू हवा आणि आतील रंगकाम पूर्ण हवे. या पाचही गोष्टी ३१ मार्चला संपतील असे तक्ता दाखवितो. प्रत्येक गोष्ट वेळेवर होण्याची शक्यता निम्मी आहे आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे मानले, तर पाचही वेळेवर होण्याची शक्यता बत्तीसात एक, म्हणजे जेमतेम ३ टक्के. पडद्यावर मात्र ३१ मार्च ही तारीख एका कामाच्या पुढे जितक्या ठामपणे उभी असते, तितक्याच ठामपणे ती पाच कामांच्या संगमावर उभी असते. एकाच आकड्यावर चालणारे गणित हा भेद पाहूच शकत नाही. ‘पर्ट’च्या मूळ मांडणीतही हा दोष होता, हे मान्य केले पाहिजे. यादृच्छिक आकड्यांनी हजारो वेळा प्रकल्प ‘घडवून’ पाहणाऱ्या जोड-प्रणाली या दोषावर उपाय म्हणून उपलब्ध आहेत. परंतु त्या स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात, स्वतंत्रपणे शिकाव्या लागतात. निश्चितता मूळ किमतीत मिळते आणि शंकेसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागतात, असा हा व्यवहार आहे.

माणूस, यारी आणि दिनदर्शिका

या प्रणालीत काम करणाऱ्या माणसास ‘संसाधन’ म्हटले जाते. ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’च्या वर्गीकरणात गवंडी आणि यारी, म्हणजे क्रेन, एकाच गटात येतात, सिमेंट व विटा यांचा गट वेगळा. गवंड्याची कमाल उपलब्धता शंभर टक्के आणि यारीचीही शंभर टक्के. या शब्दयोजनेवर भावनिक आक्षेप घेणे सोपे आहे आणि तो अनेकांनी घेतलाही आहे. अधिक गंभीर आक्षेप गणिताचा आहे. कालावधी, श्रम आणि माणसांची संख्या या तिघांना प्रणाली एका समीकरणाने बांधते. श्रम कायम ठेवण्याचा पर्याय निवडला असेल, तर दहा दिवसांच्या कामावर दुसरा मनुष्य नेमताच कालावधी पाच दिवसांवर येतो.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच या समीकरणातील दोष दाखवून दिला होता. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकाची कार्यप्रणाली तयार करण्याच्या अनुभवावरून त्यांनी असे मांडले की, रेंगाळलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसे वाढविली तर तो आणखी रेंगाळतो. नव्या माणसास काम समजावून देण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. शिवाय बोलणी वाढतात : तिघांमध्ये संवादाच्या जोड्या तीन, दहा जणांमध्ये पंचेचाळीस. भिंत बांधण्यास हा नियम जसाच्या तसा लागू होणार नाही हे खरे. दोन गवंडी एका भिंतीवर खरोखरच लवकर उरकतात. पण भिंत आणि आज्ञावली यांत भेद करणे प्रणालीस जमत नाही. तो वापरणाऱ्याने करावयाचा असतो, आणि वापरणाऱ्यापुढे तर निम्मा झालेला पट्टा दिसत असतो.

दिनदर्शिकेची गोष्ट वेगळी नाही. प्रणालीबरोबर येणारी मूळ दिनदर्शिका सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते सायंकाळी पाच, मध्ये तासाभराची सुटी अशी आहे. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला; बांधकामावर मात्र रविवारीही काम चालू दिसते. परवानग्यांची कामे एका दिनदर्शिकेने व स्लॅबची कामे दुसऱ्या दिनदर्शिकेने चालविण्याची सोय प्रणालीत आहे, आणि जाणकार नियोजक ती वापरतातही. पण पावसाळा, पेरणीसाठी गावी जाणारे मजूर, होळीस गेलेली टोळी नेमकी कधी परतेल याचा भरवसा, ही माहिती दिनदर्शिकेच्या चौकटीत कशी बसवावयाची? ती असते मुकादमाकडे. होळीनंतर निम्मेच लोक येतील हे मुकादम सांगू शकतो. पण तक्ता भरताना त्यास कोणी विचारीत नाही, आणि भिंतीवर लावलेला तक्ता त्याच्या उपयोगाचा नसतो.

येथे जुन्या कागदी आलेखाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पोलंडमधील अभियंता कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये, तर अमेरिकेत हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काळाचे आलेख वापरात आणले. आज पडद्यावर दिसणारे आडवे पट्टे गँट यांच्याच नावाने ओळखले जातात. परंतु वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये गँट आलेखावर जे पुस्तक लिहिले, त्यातील कामगारांच्या नोंदीचे आलेख पाहिले म्हणजे एक फरक लक्षात येतो. काम अपेक्षेपेक्षा कमी झाले असेल, तर त्याचे कारण आद्याक्षराने आलेखातच नोंदविले जाई : कामगार गैरहजर, साहित्य आले नाही, यंत्र दुरुस्तीत, हत्यारांची अडचण. दोष कामगाराचा की त्यास साहित्य न पुरविणाऱ्या व्यवस्थापकाचा, हे आलेख वाचणाऱ्यास तेथल्या तेथे कळे. संगणकावरील पट्ट्यात ‘६० टक्के पूर्ण’ अशी काळी रेघ असते. कारण लिहिण्यास टिपणाची खिडकी आहे. ती उघडावी लागते, आणि छापील प्रतीत ती बहुधा येत नाही. शंभर वर्षांत आलेख देखणा झाला, पण कारण त्याच्या तोंडावरून उतरले.

करार आणि सवडीची मालकी

इतके दोष असूनही एकच आकडा इतका चिवट का ठरला, याचे उत्तर तंत्रात शोधून चालणार नाही. ते करारात आहे. बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यांत प्रमाणभूत मानल्या जाणाऱ्या फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकानुसार, काम सुरू करण्याची सूचना मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत कंत्राटदाराने तपशीलवार वेळापत्रक सादर करावयाचे असते. त्या क्षणापासून वेळापत्रक हा दस्तऐवज होतो. उशीर झाल्यास दंड कोणी भरावयाचा, मुदतवाढ कोणास द्यावयाची, हे लवादापुढे त्यावरूनच सांगितले जाते. निर्णायक मार्गावर नसलेल्या कामाजवळ जी सवड उरते ती मालकाची की कंत्राटदाराची, यावर वाद होतात. इंग्लंडमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेस २००२ मध्ये विलंबाविषयी मार्गदर्शक संहिता काढावी लागली व २०१७ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणावी लागली, यावरूनच या वादांचे महत्त्व ध्यानात यावे.

अशा परिस्थितीत ‘या कामास चार ते चौदा आठवडे लागतील’ असे लिहून देणारा कंत्राटदार स्वतःचेच नुकसान करून घेतो. तो एक आकडा देतो आणि आपली शंका दुसरीकडे लपवितो : कामाचा कालावधी थोडा फुगवून, किंवा दोन कामांमध्ये वस्तुतः नसलेला संबंध दाखवून. मालकाच्या बाजूचा अभियंता ते ओळखतो आणि कात्री लावतो. पुढच्या वेळी कंत्राटदार अधिक फुगवितो. हा खेळ प्रणालीने निर्माण केलेला नाही. पण तो खेळण्यास सोयीची पाटी तिने दिली आहे.

एलियाहू गोल्डरॅट यांनी ‘क्रिटिकल चेन’ (१९९७) या कादंबरीवजा पुस्तकात याच खेळावर बोट ठेवले. प्रत्येकजण आपल्या कामात सुरक्षिततेसाठी जादा दिवस राखतो, आणि काम उशिरा सुरू करण्यात ते दिवस वायाही घालवितो. म्हणून हे दिवस प्रत्येक कामातून काढून प्रकल्पाच्या शेवटी एकत्र ठेवावेत, असा त्यांचा उपाय आहे. निदान अचूक आहे. शंकेस तक्त्यात उघड जागा मिळते, हाही या उपायाचा मोठा गुण. मात्र दिवस काढून कोणाचे घेतले जातात आणि एकत्र साठ्याची किल्ली कोणाकडे राहते, या प्रश्नावर पुस्तक फारसे रेंगाळत नाही. काम करणाऱ्याने विश्वासाने सोडलेले दिवस वरिष्ठांनी शेवटी छाटून टाकले, तर पुढील प्रकल्पात तो पुन्हा आकडा फुगविणार हे उघड आहे.

या संदर्भात कोकण रेल्वेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहे ते मंगळूरदरम्यानचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मूळ लक्ष्य दशकाच्या मध्याचे होते. सह्याद्रीच्या कठीण खडकातील बोगदे लांब असूनही आटोक्यात राहिले, पण मऊ मातीतील बोगद्यांनी अभियंत्यांचा अंत पाहिला. गोव्यातील पेडणे येथील एका बोगद्यास सुमारे सहा वर्षे लागली. खोदलेली माती पुन्हा आत येत होती. अशा कामापुढे कालावधीच्या रकान्यात कोणता आकडा लिहावयाचा होता? खडकातील बोगदा आणि मातीतील बोगदा यांच्यासाठी पट्टा एकाच रंगाचा असतो. एकात ड्यूपाँचे ज्ञान आहे आणि दुसऱ्यात पोलारिसचे अज्ञान, हे पट्टा सांगत नाही.

शब्दांस मिळालेली जागा

‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’च्या २०१० च्या आवृत्तीत एक बदल झाला, आणि टीकाकारांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही. कामास प्रणालीने तारखा न लावता वापरणाऱ्याने स्वतः लावण्याचा पर्याय तीत आला. असा पर्याय निवडला, तर कालावधीच्या रकान्यात आकडा लिहिण्याचे बंधन राहत नाही. तेथे शब्द लिहिता येतात : ‘साधारण दोन आठवडे’, ‘मुकादमास विचारून’, ‘माती कशी लागते त्यावर’. तीन अंदाजांची सोय ज्या आवृत्तीत गेली, त्याच आवृत्तीत शब्दांना जागा मिळाली, हा योगायोग मौजेचा खरा.

शिस्तप्रिय नियोजकांनी या पर्यायास नावे ठेवली, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. शब्दांची बेरीज होत नाही. ज्या तक्त्यात निम्मे रकाने शब्दांनी भरले आहेत त्यावरून निर्णायक मार्ग काढता येत नाही. तरीही, प्रकल्पाच्या आरंभी जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक नाही ते वेगळे दाखविणारा हा पहिलाच तक्ता या प्रणालीने देऊ केला, असे म्हणावे लागते. त्याचा उपयोग किती दिवस होतो, ते तक्ता कोणाकडे पाठवावयाचा आहे यावर अवलंबून असते. वरिष्ठ कार्यालयास किंवा मालकास तारीख हवी असते. तेव्हा ते काम पुन्हा प्रणालीच्या स्वाधीन केले जाते. आज्ञा देताच रकान्यातील शब्द पुसले जातात आणि त्यांच्या जागी उमटते : ‘१ दिवस?’